आधी लग्न, मग दीक्षा

१५ जानेवारी २०११. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलमध्ये त्या दिवशी तिघांना कॅथलिक धर्मगुरू म्हणून दीक्षा मिळाली: कीथ न्यूटन, जॉन ब्रॉडहर्स्ट आणि अँड्र्यू बर्नहॅम. तिघेही साठीच्या आगेमागे. दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत ते इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे बिशप होते, आणि तिघेही संसारी. आर्चबिशप व्हिन्सेंट निकोल्स यांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवले, तेव्हा त्यांच्या बायका त्या सोहळ्याला हजर होत्या. न्यूटन यांना तीन मुले. अँग्लिकन परंपरेतून आलेल्या कॅथलिकांसाठी धर्मप्रांतासारखी एक नवी रचना रोमने उभी केली होती. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्याच दिवशी तिची सूत्रे न्यूटन यांच्याकडे सोपवली. बिशप मात्र त्यांना होता आले नाही, कारण बिशपपदासाठी लग्नाचा माणूस चालत नाही.

आता अशी कल्पना करा, की त्याच कॅथीड्रलमधला एखादा तरुण कॅथलिक धर्मगुरू पुढे कुणाच्या प्रेमात पडला आणि त्याने नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न केले. चर्चच्या लेखी ते लग्न झालेलेच नाही. पण लग्नाचा प्रयत्न केला म्हणून तो आपोआप निलंबित होतो. त्यासाठी कुणी खटला चालवावा लागत नाही, निकाल द्यावा लागत नाही. त्याच्याकडचे चर्चमधले पदही तत्क्षणी जाते. दोघेही कॅथलिक धर्मगुरू, दोघेही एकाच पोपच्या आज्ञेतले. एकाला बायकोसह वेदीपाशी जागा मिळते, दुसऱ्याला बायकोमुळे वेदी सोडावी लागते.

हा पक्षपात वाटेल, आणि असा आरोप करणारे कॅथलिक पुष्कळ आहेत. पण नियमाच्या दृष्टीने यात विसंगती नाही. आधुनिक काळातला कॅथलिक धर्मगुरू आणि त्याचे लग्न यांविषयीचा सगळा कायदा शेवटी एका क्रमावर उभा आहे. आधी लग्न आणि मग दीक्षा, याला कुठे सर्रास, कुठे अपवादाने वाट आहे. आधी दीक्षा आणि मग लग्न, याला पूर्वेत वाट नाही आणि पश्चिमेतही नाही. हा क्रम ध्यानात धरला की पुढची सारी गुंतागुंत सुटी होत जाते. हा क्रम पाळण्याची किंमत कोण चुकवतो, हेही मग दिसू लागते.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी लॅटिन चर्चसाठी, म्हणजे आपण ज्याला साधारणपणे रोमन कॅथलिक म्हणतो त्यासाठी, नवी धर्मसंहिता लागू केली. तिच्या २७७व्या कलमात धर्मगुरूंनी स्वर्गराज्यासाठी पूर्ण संयम पाळावा आणि म्हणून ब्रह्मचारी राहावे, असे बंधन आहे. १०४२व्या कलमाप्रमाणे बायको असलेल्या पुरुषाला धर्मगुरूची दीक्षा देता येत नाही. १०८७वे कलम सांगते, की दीक्षा झालेल्याने केलेले लग्न मुळातच रद्दबातल आहे. निलंबन येते ते १३९४व्या कलमाने. वसईच्या एखाद्या धर्मग्रामातले फादर असोत की पोलंडमधले, या चौकटीत दोघेही सारखेच बांधलेले असतात. जेजुइटांसारख्या संघातले धर्मगुरू तर आज्ञापालन, निर्धनता आणि ब्रह्मचर्य अशी तीन व्रते घेतात. धर्मप्रांतातला साधा धर्मगुरू निर्धनतेचे व्रत घेत नाही. त्याला स्वतःची मिळकत बाळगता येते. ब्रह्मचर्याचे वचन मात्र त्यालाही द्यावे लागते.

पण हे सारे कायद्यात आहे, श्रद्धासूत्रात नाही. येशू देवाचा पुत्र आहे, हा कॅथलिकांचा सिद्धांत. तो कोणताही पोप बदलू शकत नाही. धर्मगुरूने अविवाहित राहावे ही शिस्त आहे, आणि शिस्त बदलण्याचा अधिकार पोपला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मगुरूंविषयीचा जो दस्तऐवज संमत केला, त्यात हे स्पष्टच लिहिले आहे: धर्मगुरुपदाच्या स्वरूपातून ब्रह्मचर्याची अट निघत नाही, आद्य चर्चमध्ये आणि पूर्वेकडच्या चर्चमध्ये ती नव्हती. त्याच परिच्छेदात पुढे लॅटिन चर्चसाठी ही अट पुन्हा पक्की केली आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचल्याशिवाय कॅथलिक चर्चची भूमिका कळत नाही.

जुना इतिहास इथे थोडक्यात पुरे. स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेने चौथ्या शतकाच्या आरंभी विवाहित धर्मगुरूंनी बायकोशी शरीरसंबंध ठेवू नये असे म्हटले. म्हणजे धर्मगुरूंना बायका होत्या. अकराव्या शतकात पोप सातवे ग्रेगरी यांनी धर्मगुरूंच्या लग्नांविरुद्ध मोहीम उघडली. तिच्यामागे शुचितेची कल्पना होती, तशीच चर्चच्या जमिनी धर्मगुरूंच्या मुलांच्या नावावर जाण्याची भीतीही होती. ११३९च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंची लग्ने नुसती निषिद्ध न ठेवता रद्दबातल ठरवली. ल्यूथरने सोळाव्या शतकात लग्न केले, तेव्हा ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली उलट उत्तर देत तीच भिंत आणखी उंच केली.

फ्रेंच राज्यक्रांतीत ही भिंत खचली. हजारो धर्मगुरूंनी लग्ने केली, कुणी धाकाने, कुणी खुशीने. नेपोलियनशी तह झाल्यावर रोमने या लोकांची लग्ने मोठ्या प्रमाणावर नियमित करून दिली. त्यांनी धर्मपद सोडायचे, इतकीच अट. एका माणसाला मात्र ही सवलत मिळाली नाही. तालेराँ हा पूर्वी ओताँचा बिशप, आता फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री. १८०२ साली पोप सातवे पायस यांनी त्याला सामान्य श्रद्धावंताच्या पातळीवर परत घेतले, पण लग्नाची परवानगी दिली नाही. बिशपसाठी तशी परवानगी कधी कुणाला दिलेली नाही, असे रोमचे म्हणणे पडले. तालेराँने त्याच वर्षी सप्टेंबरात नोंदणी पद्धतीने लग्न केलेच. त्याची वधू कॅथरीन ग्रँड ही जन्माने भारतातली, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडी या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीतली, आणि तिचा पहिला संसार कलकत्त्यात झाला होता.

आता पूर्वेकडे वळू, कारण खरी समृद्ध बाजू ती आहे आणि आपल्याकडे ती फारशी ठाऊक नसते.

कॅथलिक चर्च म्हणजे एकटे लॅटिन चर्च नव्हे. पोपला मानणारी, पण स्वतःची उपासना आणि स्वतःची संहिता असलेली २३ पूर्वपरंपरेची चर्चे त्यात आहेत. युक्रेनचे ग्रीक-कॅथलिक, लेबनॉनचे मरोनाईट, केरळचे सिरो-मलबार ही त्यांतली काही. यांपैकी बहुतेकांत विवाहित पुरुषाला धर्मगुरू होता येते. १९९० साली त्यांच्यासाठी निघालेल्या संहितेत विवाहित धर्मगुरूंच्या परंपरेचा आदराने उल्लेख आहे. पण तिथेही क्रम तोच. दीक्षेपूर्वी लग्न करून घ्यायचे. दीक्षेनंतर नाही. बायको वारली तर दुसरे लग्न नाही. बिशप नेमायचा तर अविवाहितांतून किंवा विधुरांतून.

या परंपरेतला एक माणूस मला फार मोठा वाटतो. ओमेलियान कोव्च हे युक्रेनियन ग्रीक-कॅथलिक धर्मगुरू, सहा मुलांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांचा मुलूख घेतला, तेव्हा ते ज्यूंना बाप्तिस्म्याचे दाखले देऊ लागले, की निदान त्या कागदावर त्यांचे प्राण वाचावेत. जर्मनांनी त्यांना पकडले आणि १९४३ साली मायदानेकच्या छळछावणीत पाठवले. त्यांच्या सुटकेसाठी घरचे धडपडत होते. त्यांनी घरच्यांना कळवले, की असे काही करू नका. इथे मरणाऱ्यांना माझी गरज आहे. मार्च १९४४मध्ये ते तिथेच वारले. २००१ साली युक्रेनमधल्या लविव्हमध्ये दुसऱ्या जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. संसारी माणूस अखंड त्याग करू शकत नाही, त्याचे मन बायकामुलांत अडकते, हा ब्रह्मचर्याच्या बाजूने वारंवार होणारा युक्तिवाद आहे. कोव्च यांचे नाव घेतल्यावर तो तितक्याच जोराने पुन्हा करता येत नाही.

याच परंपरेला रोमने पश्चिमेत मात्र दीर्घकाळ पाऊल ठेवू दिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्पेथियन डोंगराळ मुलखातले गरीब ग्रीक-कॅथलिक मजूर अमेरिकेच्या खाणींत आणि गिरण्यांत कामाला गेले. त्यांच्यामागून त्यांचे धर्मगुरू गेले. १८८९च्या डिसेंबरात मिनिॲपोलिसचे फादर ॲलेक्सिस तोथ रीतीप्रमाणे तिथल्या लॅटिन आर्चबिशपांना, जॉन आयर्लंड यांना, भेटायला गेले. तोथ यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे आर्चबिशपांनी आधी विचारले, की तुम्हांला बायको आहे का. तोथ म्हणाले, होती. मी विधुर आहे. आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरू मानायलाच नकार दिला. पंधरा महिन्यांनी तोथ आपल्या लोकांसह रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले आणि पुढल्या वर्षांत हजारो लोक त्यांच्या वाटेने गेले. तरीही रोमने १९२९ साली एक हुकूम काढून उत्तर अमेरिकेत विवाहित ग्रीक-कॅथलिक धर्मगुरूंना बंदीच केली. त्यातून आणखी एक फूट पडली आणि १९३८ साली वेगळा ऑर्थोडॉक्स धर्मप्रांत उभा राहिला. तोथ यांना ऑर्थोडॉक्स चर्चने १९९४ साली संत केले. बंदी उठायला २०१४ साल उजाडले. पोप फ्रान्सिस यांच्या मंजुरीने ती उठली. मधल्या काळात लॅटिन बिशपांचे म्हणणे एकच होते: शेजारच्या चर्चमधल्या फादरना बायकामुले दिसली तर आपल्या लोकांचा गोंधळ होईल. लोकांचा गोंधळ होऊ नये म्हणून लोकच गमावले गेले.

भारतात हेच त्याच्याही आधी घडले, आणि त्यात गोव्याचा हात होता. केरळचे संत थॉमसचे ख्रिस्ती पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून आपली परंपरा सांभाळून होते. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे कत्तनार, लग्न करीत, आणि कत्तनाराच्या बायकोला मंडळीत मान असे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी १५९९च्या जूनमध्ये कोचीजवळ उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली आणि तिथल्या चर्चला लॅटिन साच्यात बसवले. विवाहित कत्तनारांना सांगण्यात आले, की बायकोपासून वेगळे व्हा, तोवर वेदीवर जाऊ नका. सिरो-मलबार चर्च आजही पूर्वपरंपरेचे गणले जाते. १९८८ साली कल्याणला त्यांचा धर्मप्रांत झाला, आणि मुंबई-पुण्यातल्या मल्याळी कॅथलिकांची मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, त्यांच्या पद्धतीने होते. पण त्यांचे धर्मगुरू अविवाहितच असतात. ज्या घरांतल्या बायकांना त्या जूनमध्ये एका रात्रीत परके ठरवले, त्यांच्या बाजूने इतिहासात फारसे कुणी लिहिले नाही. मला त्या धर्मसभेच्या ठरावांत सगळ्यांत जास्त टोचते ते हेच.

विसाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या वेळी. लॅटिन अमेरिकेतल्या काही बिशपांना विवाहित धर्मगुरूंचा विषय सभागृहात मांडायचा होता. ऑक्टोबर १९६५मध्ये पोप सहावे पॉल यांनी परिषदेला पत्र धाडून कळवले, की या विषयाची जाहीर चर्चा नको. कुणाला काही म्हणायचे असेल तर मला लिहा. जगातले दोन हजारांवर बिशप एकत्र जमले होते आणि त्यांनी हा एक विषय बोलायचा नाही असे ठरले. १९६७च्या जून महिन्यात दोन कागद निघाले, सहा दिवसांच्या अंतराने. १८ तारखेला विवाहित पुरुषांना कायमस्वरूपी डीकन होण्याची वाट खुली झाली. २४ तारखेला ब्रह्मचर्यावरचे पोपपत्र आले आणि धर्मगुरूंची वाट बंदच राहिली. या पोपपत्राचे एक वैशिष्ट्य सांगायला हवे: त्याच्या सुरुवातीलाच विरोधकांचे आक्षेप एकामागून एक, विपर्यास न करता मांडले आहेत. ज्याला आक्षेप इतके नीट कळले होते, त्यानेच नियम कायम ठेवला. ब्रह्मचर्य हे चर्चच्या मुकुटातले रत्न आहे, ही त्यांची मनापासूनची श्रद्धा होती, आणि ती खोटी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

डीकन म्हणजे दीक्षेची पहिली पायरी. तो बाप्तिस्मा देतो, लग्ने लावतो, प्रवचन करतो, अंत्यविधी करतो. मिस्सा अर्पण करणे आणि पापनिवेदन ऐकून क्षमा देणे त्याच्या हाती नसते. विवाहित पुरुषाला पस्तिशीनंतर आणि बायकोच्या संमतीनेच ही दीक्षा मिळते. जगभरात आज असे सुमारे ५० हजार कायमस्वरूपी डीकन आहेत, त्यांतले बहुतेक संसारी. मुंबईच्या महाधर्मप्रांतातही ते काम करतात. इथेही क्रमाचा तोच फास आहे. डीकनची बायको गेली तर त्याने पुन्हा लग्न करायचे नाही. घरात लहान मुले असली की रोम अपवाद करते, पण अपवाद मागावा लागतो.

पोपपत्राने गळती थांबली नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७०च्या दशकात हजारो धर्मगुरू पद सोडून गेले, त्यांतले पुष्कळ लग्नासाठी. १९७१ साली रोममध्ये बिशपांची धर्मसभा बसली. विशेष गरज असेल तिथे पोपने प्रौढ विवाहित पुरुषांना दीक्षा देऊ द्यावी का, यावर मत घेतले गेले. १०७ जण म्हणाले नको, ८७ जण म्हणाले हो. फरक वीस मतांचा.

सहाव्या पॉल यांनी नियम बदलला नाही, पण सोडून जाणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवले. धर्मगुरूला ब्रह्मचर्याच्या वचनातून मुक्त करण्याचा अधिकार फक्त पोपचा. धर्मपद गेले म्हणून हे बंधन आपोआप जात नाही. त्यांच्या काळात अशा सुटका मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. १९७८ साली दुसरे जॉन पॉल आले आणि हा ओघ थांबला. ऑक्टोबर १९८०च्या नव्या नियमांनी सुटका दुर्मीळ आणि संथ केली. चाळिशीच्या आतल्याला ती सहसा मिळेनाशी झाली. सुटकेच्या पत्रातल्या अटीही ध्यानात घ्याव्यात. लग्न गाजावाजा न करता उरकायचे. जिथे लोक त्याला धर्मगुरू म्हणून ओळखतात तिथे सहसा राहायचे नाही. प्रवचन करायचे नाही, धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीत शिकवायचे नाही. दीक्षा मात्र पुसली जात नाही. वेदी सोडून पंचवीस वर्षे झालेल्या माणसासमोरही कुणी अखेरचे क्षण मोजत असेल, तर ९७६व्या कलमाप्रमाणे तो त्याचे पापनिवेदन ऐकून क्षमा देऊ शकतो. धर्मगुरुपण त्याच्यात आहे हे चर्चला मान्यच आहे. ते वापरू द्यायचे नाही, एवढेच.

त्याच वर्षी, १९८०मध्ये, अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चमधून येणाऱ्या विवाहित पाळकांना कॅथलिक दीक्षा देण्याची सोय सुरू झाली. तिचे बीज जुने होते: पोप बारावे पायस यांनी १९५१ साली मायन्झमध्ये रुडॉल्फ ग्योथे या माजी ल्यूथरन पाळकाला बायकोसह धर्मगुरू होऊ दिले होते. पुढे २००९ साली बेनेडिक्ट यांनी अँग्लिकनांसाठी वेगळी रचना मंजूर केली आणि न्यूटन, ब्रॉडहर्स्ट, बर्नहॅम तिच्यातूनच आले. जो तरुण पहिल्यापासून कॅथलिक राहिला, सेमिनरीत शिकला, वीस वर्षे खेड्यापाड्यांत राबला आणि मग कुणावर जीव जडला म्हणून घराबाहेर पडला, त्याच्या मनात हे पाहून काय येत असेल? १९८०च्या दशकात असे अनेक जण हा प्रश्न उघड विचारत होते. रोमचे उत्तर असे, की त्या पाळकांनी लग्न केले तेव्हा कोणतेही वचन मोडले नव्हते; तुम्ही मोडले. तर्क म्हणून हे उत्तर बिनतोड आहे. पण त्यातून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: बायको असलेला माणूस मिस्सा करू शकतो, हे रोमलाही मान्य आहे.

साम्यवादी चेकोस्लोव्हाकियातले प्रकरण तर या साऱ्याहून अवघड. सरकारने धर्मगुरूंना तुरुंगात टाकले, तेव्हा गुप्त चर्च उभे राहिले. त्यातले एक बिशप फेलिक्स डाव्हिडेक यांनी विवाहित पुरुषांना दीक्षा दिल्या. पोलिसांना घरात बायकामुले असलेल्या माणसावर धर्मगुरू असल्याचा संशय येणार नाही, हाही त्यातला एक हिशेब होता. १९८९ साली राजवट कोसळली. आता या लोकांचे काय करायचे? ते तर लॅटिन परंपरेचे. रोमने त्यांच्यापुढे वाट ठेवली ती अशी: पुन्हा सशर्त दीक्षा घ्या आणि ग्रीक-कॅथलिक परंपरेत जा. काहींनी ती मानली. काहींना तो अपमान वाटला. ज्या दीक्षेपायी त्यांनी तुरुंगाचा धोका पत्करला होता, तिच्यावरच शंका घेतली जात होती.

बिशपांचीही उदाहरणे आहेत. झांबियाचे आर्चबिशप इमॅन्युएल मिलिंगो यांनी २००१ साली न्यूयॉर्कमध्ये लग्न केले, पुढे विवाहित धर्मगुरूंची चळवळ काढली आणि २००६ साली परवानगीशिवाय चौघांना बिशप केल्यावर ते बहिष्कृत झाले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे यापलीकडे फारसे नाही. माझ्या मनात घर करून राहिले आहेत ते अर्जेंटिनाचे हेरोनिमो पोदेस्ता. ब्वेनोस आयरेसजवळच्या अवेयानेदा या कामगार वस्तीचे ते बिशप. १९६६ साली त्यांची भेट क्लेलिया लुरो यांच्याशी झाली. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, सहा मुलींची आई असलेल्या. पुढल्याच वर्षी त्यांना पद सोडावे लागले. दोघांनी अखेरपर्यंत एकत्र संसार केला आणि लॅटिन अमेरिकेतल्या विवाहित धर्मगुरूंची संघटना बांधली. २००० साली पोदेस्ता मरणपंथाला लागले, तेव्हा त्यांना भेटायला शहराचे आर्चबिशप आले. त्यांचे नाव होर्हे बेर्गोलियो. तेच पुढे पोप फ्रान्सिस झाले, आणि लुरो यांच्याशी त्यांची मैत्री २०१३ साली त्या जाईपर्यंत टिकली. नियमाच्या चौकटीत राहूनही माणसाला माणूस म्हणून भेटता येते, हे त्यांनी करून दाखवले.

या प्रकरणात आतापर्यंत पुरुषच बोलत आले. ज्यांनी कोणतेही वचन दिले नव्हते अशांची गोष्ट आता सांगितली पाहिजे. धर्मगुरूंपासून झालेली मुले हा कॅथलिक जगात पिढ्यान्पिढ्या न बोलण्याचा विषय होता. आयर्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिन्सेंट डॉयल यांना मोठेपणी कळले, की लहानपणी ज्यांना ते धर्मपिता म्हणत, ते धर्मगुरू आपले जन्मदाते होते. अशा मुलांसाठी त्यांनी २०१४ साली संस्था काढली. २०१९च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी मान्य केले, की धर्मगुरूला मूल झाले तर काय करावे याची अंतर्गत मार्गदर्शक सूत्रे रोममध्ये आहेत, आणि त्यांचा पाया मुलाचे हित हा आहे. बापाने पद सोडून बाप म्हणून जबाबदारी घ्यावी, असा त्यांचा रोख. अशा बापाला सुटकेसाठी चाळिशीची वाट पाहायला लावत नाहीत. सूत्रे चांगली आहेत. ती इतकी वर्षे लपलेली का होती, याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळालेले नाही.

बालकांवरील अत्याचारांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून ब्रह्मचर्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे सोपे झाले आहे. इथे सावध राहायला हवे. ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने पाच वर्षे चौकशी करून २०१७ साली निष्कर्ष काढला, की ब्रह्मचर्य हे अत्याचाराचे थेट कारण नाही, पण इतर गोष्टींच्या जोडीने ते धोका वाढवते. धर्मप्रांतीय धर्मगुरूंसाठी ब्रह्मचर्य ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा, अशी विनंती रोमला करा, ही शिफारस आयोगाने तिथल्या बिशपांना केली.

अलीकडच्या काळात बदल अगदी जवळ आल्यासारखा वाटला तो २०१९ साली. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशी गावे आहेत, जिथे धर्मगुरू वर्षातून एकदा होडीने पोचतो, कुठे त्याहूनही क्वचित. मिस्सा हा ज्यांच्या धर्माचा प्राण, त्यांना ती मिळते वर्षातून एकदा. ऑक्टोबर २०१९मध्ये रोममध्ये भरलेल्या ॲमेझॉन धर्मसभेने सुचवले, की अशा दुर्गम भागांत समाजाने मानलेल्या, डीकन म्हणून चांगले काम केलेल्या विवाहित पुरुषांना धर्मगुरूची दीक्षा द्यावी. १२८ मते बाजूने पडली, ४१ विरुद्ध. जानेवारीत कार्डिनल सारा यांचे ब्रह्मचर्याच्या बाजूचे पुस्तक आले. त्यावर निवृत्त पोप बेनेडिक्ट यांचे नाव सहलेखक म्हणून छापले गेले आणि वाद झाल्यावर ते काढायला सांगण्यात आले. १२ फेब्रुवारी २०२० रोजी पोप फ्रान्सिस यांचे उत्तर प्रसिद्ध झाले. त्यात जंगलांविषयी, नद्यांविषयी, आदिवासींविषयी सुंदर लिहिले होते. विवाहित धर्मगुरूंविषयी एक शब्द नव्हता.

मला हे मौन पटलेले नाही. स्वखुशीने पत्करलेले ब्रह्मचर्य किती सुंदर असू शकते, हे वसईपासून सिंधुदुर्गापर्यंत शाळा आणि दवाखाने चालवलेल्या धर्मगुरूंकडे पाहिले की कळते. पण बायको असलेल्या माणसाने मिस्सा केलेली चालते हे न्यूटन यांच्या बाबतीत मान्य आहे, लविव्हमध्ये मान्य आहे. तर नदीकाठच्या गावातल्या म्हाताऱ्या बाईला ती नाकारण्याचे कारण ब्रह्मचर्याची थोरवी हे होऊ शकत नाही. तिने तर कुठलेही वचन दिलेले नाही.

आणि तो ठराव मान्य झाला असता तरी क्रम मोडला नसता, हेही पाहायला हवे. आधी लग्न, मग दीक्षा, इतकीच त्याची मागणी होती. आज पद सोडून बसलेल्या एकाही माणसासाठी त्यात काही नव्हते. त्यांच्याविषयीचा प्रश्न विचारला तो जर्मनीच्या कॅथलिकांनी. बिशप आणि सामान्य श्रद्धावंत यांच्या तिथल्या संयुक्त धर्मसभेने मार्च २०२३मध्ये मोठ्या बहुमताने पोपना विनंती केली, की ब्रह्मचर्याच्या अटीचा फेरविचार व्हावा, आणि ज्यांची दीक्षा आधीच झाली आहे त्यांनाही सेवा न सोडता वचनातून मोकळे होता येईल का, हे तपासावे. पोप फ्रान्सिस यांनी त्याच सुमारास एका मुलाखतीत ब्रह्मचर्याचा नियम तात्पुरता आहे, तो बदलू शकतो, असे म्हटले होते. एप्रिल २०२५मध्ये ते वारले तेव्हा २७७, १०४२, १०८७ ही तिन्ही कलमे १९८३ साली होती तशीच होती.